क्रोशाची तिरकी पर्स: दोरा निवडण्यापासून पट्टा शिवण्यापर्यंत

पर्स विणायला घेण्याआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर काढा. रोज घराबाहेर पडताना जे जे बरोबर नेता ते सगळं त्यावर ठेवा: मोबाईल, किल्ल्या, पैशांचं पाकीट, रुमाल, कंगवा, पॉवर बँक. माझं सामान ६४० ग्रॅम भरलं. त्यात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली टाकली की साडेअकराशेच्या वर गेलं. तुमचा आकडा वहीत लिहून ठेवा. दोरा कोणता, सुई किती नंबरची, पट्टा कसा, हे सगळं त्या आकड्यावरून ठरणार आहे.

हे मी सुरुवातीलाच सांगते आहे, कारण गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतली एक मुलगी हातात पर्स घेऊन दारात उभी राहिली. "काकू, बघा ना, ही अशी का झाली?" महिनाभर खपून विणलेली, बाळाच्या स्वेटरला वापरतात तसल्या मऊ गुलाबी लोकरीची पर्स. टाके एकसारखे, कडा सरळ. पण कमरेपाशी यायची ती पर्स मोबाईल टाकल्यावर गुडघ्याकडे निघाली होती आणि किल्ल्यांची टोकं बाहेर डोकावत होती. हात तिचा छानच होता. दुकानात तिने दोरा गालाला लावून पाहिला होता आणि मऊ लागला म्हणून घेतला होता. अंगावर घालायच्या कपड्याला ही परीक्षा योग्य आहे. पर्सला ओझं पेलायचं असतं.

कोणता दोरा

क्रोशा म्हटलं की आपल्याकडे आजीचे बारीक पांढऱ्या दोऱ्याचे रुमाल आणि दाराची तोरणं आठवतात, नाहीतर लोकरीच्या टोप्या. पर्सला यातलं काहीच जसंच्या तसं चालत नाही. रुमालाचा २० किंवा ४० नंबरचा दोरा इतका बारीक असतो की पर्स पुरी होईतो पावसाळा जाऊन थंडी येईल. आणि दुकानात जिला सरसकट लोकर म्हणतात ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. वर्धमान, ओसवाल ही नावं त्या कपाटात दिसतील. ॲक्रिलिक हलकं, स्वस्त आणि रंगांना तोटा नाही, त्यामुळे टाके शिकायला उत्तम. पर्ससाठी मात्र त्याचे तीन दोष लक्षात ठेवा. वजनाने ते ताणलं जातं, कमरेला जिथे घासतं तिथे बोंडं येतात, आणि गरम इस्त्री लागली तर वितळून कायमचं लुळं पडतं.

सुती दोरा हा माझ्या मते पहिल्या पर्ससाठी सर्वांत चांगला. त्यात लोकरीसारखा लवचिकपणा नसतो, म्हणून विणलेला तुकडा आकार धरून राहतो. टाका स्पष्ट दिसतो, चुकलं तर लगेच कळतं, उसवताना दोरा अडकत नाही. सुताचं एक वागणं मात्र आधी समजून घ्या: एकदा ताणलं गेलं की ते आपणहून परत जागेवर येत नाही. लोकर थोडीफार मागे येते, सूत येत नाही. म्हणून सुती पर्स घट्टच विणायची आणि पट्ट्याला आतून आधार द्यायचा. ते पुढे येईलच.

सुती दोऱ्यातही मर्सराइज्ड मिळाला तर घ्या. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ताणून धरून त्या सुतावर प्रक्रिया केलेली असते. त्याने दोऱ्याला चकाकी येते, मजबुती वाढते आणि रंग चांगला धरतो. साधा सुती दोरा घेतलात तरी बिघडत नाही, फक्त त्याचा पीळ घट्ट आहे ना ते पाहा. दोऱ्याचं टोक दोन बोटांत धरून उलट दिशेला पिळा. पदर पटकन सुटे झाले तर विणताना सुईचं टोक सतत पदरांच्या मधे घुसत राहील आणि नवशिक्या हाताला त्याचा फार त्रास होतो. मिल्क कॉटन नावाचा दोरा हल्ली सगळीकडे दिसतो. ते बहुधा मिश्रण असतं, लेबलवरचं प्रमाण वाचा. खेळण्यांना, बाहुल्यांना तो सुरेख दिसतो, पण पर्सला जरा मऊच पडतो.

जाड टी-शर्ट यार्नने, म्हणजे टी-शर्टच्या कापडाच्या लांब पट्ट्यांच्या दोऱ्याने, पर्स दोन दिवसांत होते, पण तीच रिकामी इतकी जड भरते की सामानाआधीच खांद्याला जाणवते. शिवाय ८–१० मिलिमीटरच्या सुईने घट्ट विणताना मनगट दुखतं. सुतळी दिसायला देखणी, पण कुर्त्याला घासून धागे काढते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची २–३ मिलिमीटरची दोरी पावसाळ्यासाठी खरी कामाची. भिजली तरी पाणी झटकून टाकते, फारशी ताणत नाही, आकार कडक राहतो. मात्र ती निसटती असते, टोकं मेणबत्तीवर धरून बंद करावी लागतात आणि बोटं शेकून निघतात. ती दुसऱ्या पर्ससाठी ठेवा.

जाडीचं म्हणाल, तर ४ मिलिमीटरच्या सुईला साजेसा मध्यम जाडीचा दोरा हवा. प्लायच्या आकड्यावर विसंबू नका. प्लाय म्हणजे किती पदर एकत्र वळले आहेत. चार जाड पदरांचा दोरा आठ बारीक पदरांपेक्षा जाड असू शकतो. त्यापेक्षा सोपी युक्ती अशी: दोरा पेन्सिलीवर शेजारीशेजारी, न ताणता गुंडाळा आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजा. ९ ते ११ बसले तर दोरा बरोबर. १५–१६ बसले तर तो बारीक आहे, दुहेरी धरून विणा.

पुण्यात खरेदी

मंडईचं मेट्रो स्टेशन २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झालं तेव्हापासून ही खरेदी फार सोपी झाली आहे. दुचाकी कुठे लावायची ही चिंताच उरली नाही. स्टेशनातून वर आलात की तुळशीबाग चालत काही मिनिटांवर. लोकर, सुती दोरे, सुया, बटणं यांची छोटी दुकानं त्या बोळांमध्ये आणि लक्ष्मी रस्त्याच्या आजूबाजूला आहेत. पर्सचं लोखंडी-पितळी सामान, म्हणजे डी-रिंग (इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची कडी), फिरते हूक, बकल, चेन, बेल्टच्या पट्ट्या, यासाठी रविवार पेठेत बोहरी आळीकडे वळा. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. रविवारी संध्याकाळी दुकानदाराला गुंडा उलगडून दाखवायलाही फुरसत नसते.

दुकानात शिरल्याशिरल्या काय करायचं आहे ते सांगा. जुने दुकानदार स्वतःच विचारतात, "ताई, स्वेटरला की पर्सला?" पर्सला म्हटलं की ते वेगळाच खण उघडतात. लेबल असेल तर शेड नंबर आणि लॉट नंबर दोन्ही पाहा. लॉट म्हणजे एका वेळी रंगवलेला दोरा. शेड तीच असली तरी वेगळ्या लॉटचा रंग किंचित फिका-गडद येतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो फरक दिसत नाही, उन्हात दिसतो. माझ्या एका मोरपिशी पर्सच्या अगदी मधोमध असा पट्टा आला आहे. दोरा अपुरा पडला, तीन आठवड्यांनी गेले, त्याच शेडचा गुंडा आणला आणि वीस फेऱ्या विणून झाल्यावर गॅलरीत नेऊन पाहिलं, तेव्हा कळलं. म्हणून लागेल त्यापेक्षा एक गुंडा जास्तच घ्या आणि तो परत घेतील का ते आधीच विचारून ठेवा.

वजनावर विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या लड्याही तिथे मिळतात. सुती म्हणून सांगितलेला दोरा खरंच सुती आहे का, हे घरी पाहता येतं. बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा, जवळ पाणी ठेवा. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा, मागे राख उरते आणि ती बोटांनी चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळतं आणि मागे कडक काळा मणी राहतो.

लाल, मरून, गडद निळा यांपैकी काही घेतलं असेल तर रंग जातो का ते आधी बघाच. ओल्या पांढऱ्या रुमालात दोरा घट्ट दाबून पाच मिनिटं ठेवा. रुमालावर रंग उतरला तर तो दोरा पर्सला नको. जुलैतल्या एका संध्याकाळी लकडी पुलावर पावसात सापडले आणि खांद्यापासून कमरेपर्यंत माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर तिरकी लाल रेघ उमटली. ती कधीच गेली नाही.

सुई मात्र मिलिमीटरमध्ये मागा. सुयांचे नंबर फसवतात, कारण बारीक स्टीलच्या सुयांना नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि जाड सुयांचे नंबर वेगळ्याच पद्धतीने जातात. ४ मिलिमीटरची एक, ५ ची एक, आणि हात सैल असेल तर ३.५ ची. लोकरीची बोथट टोकाची सुई, इंचपट्टी, अर्धा डझन सेफ्टी पिना. बटण आत्ता घेऊ नका. पर्स झाल्यावर ती बरोबर नेऊन बटण निवडण्यात जी मजा आहे ती वेगळीच.

दोन टाके आणि एक नमुना

या पर्सला फक्त साखळी आणि मुका खांब लागतो, शेवटी कडेला थोडी स्लिप स्टिच. मुका खांब म्हणजे व्हिडिओंमध्ये ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो. इथे नवीन माणसाची हमखास फसगत होते. अमेरिकन पद्धतीत जो सिंगल क्रोशे, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. त्यामुळे एकाच्या कृतीवरून विणताना दुसऱ्याचं माप येतं. ओळखायची खूण सोपी आहे: कृतीत कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द दिसला की ती अमेरिकन.

दोरा डाव्या हाताच्या करंगळीभोवती एक वेढा देऊन तर्जनीवरून आणा. सरकफास करून सुईवर चढवा. दोरा सुईवर घेऊन फासातून ओढला की एक साखळी. अशा वीस-पंचवीस करा, उसवा, पुन्हा करा. साखळी वरून पाहिली की इंग्रजी व्हीसारखे आकडे एकामागे एक दिसतात. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर तसाच व्ही असतो आणि पुढचा टाका त्याच्या दोन्ही धाग्यांखालून घालायचा. मुका खांब असा: व्हीच्या खालून सुई घाला, दोरा पकडून बाहेर ओढा, सुईवर दोन फास दिसतील. पुन्हा दोरा घ्या आणि दोन्ही फासांतून एकदम काढा. झाला. स्लिप स्टिचला व्हीच्या खालून ओढलेला दोरा सुईवरच्या फासातूनही तसाच थेट काढायचा. पहिल्या संध्याकाळी बोटं आखडतात. दोरा आवळून धरला जातो म्हणून तसं होतं. दर दहा मिनिटांनी हात झटका.

आता नमुना, म्हणजे वीण तपासायचा छोटा तुकडा. हा टप्पा गाळायची फार इच्छा होते, पण गाळू नका. २६ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरुवात करून २५ मुके खांब, मग दर ओळीच्या शेवटी एक साखळी घालून उलटून पुन्हा २५, असं चौकोन होईपर्यंत. मग तीन गोष्टी तपासा.

पहिली, घट्टपणा. तुकडा खिडकीसमोर धरा. उजेडाचे ठिपके दिसले किंवा करंगळीने दाबल्यावर टाके फाकले तर सुई बारीक करा. दोऱ्याच्या लेबलवर सुईचं जे माप असतं ते कपड्यांचा सुळसुळीतपणा धरून दिलेलं असतं. पर्सला त्यापेक्षा अर्धा-एक मिलिमीटर बारीकच सुई लागते. तुकडा टेबलाच्या कडेवरून अर्धा बाहेर सरकवला तर तो थोडा तरी ताठ राहायला हवा, फडक्यासारखा खाली लोळायला नको.

दुसरी, माप. मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा. पुढची कृती १६ टाके आणि १८ ओळी धरून लिहिली आहे. तुमचे १७ किंवा १५ आले तर पर्स किंचित लहान-मोठी होईल, इतकंच.

तिसरी, वजन. दोरा किती लागेल हे सगळे विचारतात आणि त्याचं उत्तर नमुन्यातच असतं. माझा १५ बाय १५ सेंटिमीटरचा तुकडा १५ ग्रॅम भरला. पर्सच्या दोन बाजू २१ बाय २० च्या, तळ, झाकण आणि ११५ सेंटिमीटरचा पट्टा, सगळं मिळून साधारण १५०० चौरस सेंटिमीटर. १५०० ला २२५ ने भागून १५ ने गुणलं की १०० ग्रॅम. उसवाउसव, शिवण आणि टोकं यांसाठी पाव हिस्सा वाढवा, १२५. म्हणजे ५० ग्रॅमचे तीन गुंडे लागतील, चार घ्यायचे. नमुना सुट्टा ठेवा. त्याचाच पुढे आतला खिसा होतो.

तळ आणि अंग

३१ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, मग पुढच्या प्रत्येकीत एक, असे एकूण २९. शेवटच्या साखळीत तीन. आता काम न उलटता नुसतं फिरवा आणि साखळीच्या खालच्या बाजूने परत या: २८ खांब, आणि पहिला खांब घातला होता त्याच साखळीत आणखी दोन. एकूण ६२. मोजा. इथे एक जरी कमी-जास्त असेल तर पुढे पर्स एका बाजूला कलते.

दुसऱ्या फेरीत दोन्ही टोकांच्या तीन-तीन टाक्यांत प्रत्येकी दोन खांब, बाजूंना एकात एक. सहा वाढले, ६८ झाले. फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा आणि दर फेरीला ती वर सरकवा. फेरी स्लिप स्टिचने जोडायची नाही, गोल गोल चढत जायचं, त्यामुळे कुठेही शिवण दिसत नाही.

तिसऱ्या फेरीला व्हीचा फक्त मागचा धागा उचलून ६८ खांब घाला. त्याने तळाभोवती एक रेघ उमटते आणि भिंत तिथून काटकोनात उभी राहते. चौथीपासून पुन्हा दोन्ही धागे. अशा उभ्या फेऱ्या ३६ झाल्या की उंची २० सेंटिमीटर होते. रोज तीन-चार फेऱ्या घातल्या तरी दहा-बारा दिवसांत होतं. टीव्हीसमोर, बसमध्ये, कुठेही करता येतं. मात्र दर चार-पाच फेऱ्यांनी ६८ मोजायचे.

या टप्प्यावर पर्स पिळवटल्यासारखी वाटेल. गोल विणताना मुका खांब किंचित एका बाजूला कलत जातो आणि फेऱ्या वाढतील तशी सुरुवातीची जागाही सरकत जाते. त्यात तुमची काही चूक नाही. फक्त झाकणाची जागा पिनेवरून ठरवू नका. पर्स सपाट ठेवा, तळाची दोन टोकं नीट जुळवा, हाताने दाबा आणि वर जिथे घड्या पडतात तिथे दोन नव्या पिना लावा. त्याच खऱ्या बाजू. दोन पिनांमध्ये ३४ टाके असायला हवेत. सध्याच्या जागेपासून मागच्या बाजूपर्यंत पोचायला काही खांब जास्त घालावे लागले तर घाला, दिसत नाहीत.

मागच्या ३४ पैकी दोन्हीकडचे दोन-दोन सोडून मधल्या ३० टाक्यांवर झाकण विणायचं. आता ओळी उलटसुलट होतील. २० ओळी सरळ. एकविसावीत १३ खांब, चार साखळ्या, चार टाके सोडून पुन्हा १३: हे बटणाचं भोक. बाविसावीत त्या साखळ्यांच्या पोकळीत चार खांब. पुढच्या तीन ओळींत दोन्ही टोकांना दोन टाके एकत्र करून (दोन्हींतून एकेक फास ओढून, मग सुईवरच्या तिन्ही फासांतून दोरा एकदम काढून) एक-एक कमी करा, कोपरे गोल होतात. झाकण निमुळतं होत चाललं असेल तर ओळीचा शेवटचा टाका सुटतो आहे. तो जरा आडवा पडलेला असतो, पटकन दिसत नाही. ओळीच्या पहिल्या खांबात पिन लावा, परत येताना ती काढल्याशिवाय ओळ संपवू नका.

पट्टा

सगळं ओझं इथे येतं, म्हणून इथे घाई नको. लांबी मोजायला ओढणी घ्या. खांद्यावरून तिरकी घेऊन पर्सची वरची कड जिथे यायला हवी तिथे दोन्ही टोकं धरा, खूण करा, इंचपट्टीने मोजा. साधारण उंचीच्या बाईला ११० ते १२० सेंटिमीटर लागतात. स्कूटरवर बसून पण एकदा मोजा. पर्स मांडीवर येते की मागे सरकते ते बसल्यावरच कळतं.

११५ सेंटिमीटरला १८५ च्या आसपास साखळ्या लागतात. ५ मिलिमीटरच्या सुईने साखळ्या घाला आणि मग ४ च्या सुईने लांबीच्या दिशेने मुक्या खांबांच्या चार ओळी. साखळी बारीक सुईने घातली तर ती कड आवळते आणि पट्टा केळ्यासारखा वाकडा होतो. शेवटी दोन्ही लांब कडांवरून स्लिप स्टिचची एक ओळ, जरा आवळून. ती कड ताण धरते.

आता या पट्ट्याला रात्रभर दाराच्या खिळ्याला टांगा आणि खालच्या टोकाला एक किलो साखरेची पिशवी बांधा. सकाळी मोजा. माझा ११५ चा पट्टा १२२ झाला होता. सूत मागे येत नाही हे वर सांगितलं ते असं दिसतं. उपाय एकच, पट्ट्याच्या मागे न ताणणारी पट्टी. बॅगेच्या सामानाच्या दुकानात सुती किंवा नायलॉनची विणलेली पट्टी मीटरवर मिळते. पट्ट्यापेक्षा किंचित अरुंद, तुम्हाला हवी त्या लांबीची, दोन्हीकडे तीन-तीन सेंटिमीटर जास्त. आधी ती पाण्यात बुडवून वाळवा, सुती असेल तर आटते. मग विणलेला पट्टा तिच्यावर सारखा पसरवून टाचण्या लावा आणि दोन्ही कडा हाताने, बारीक टाक्यांनी शिवा. आता ओझं ती कापडी पट्टी घेते आणि क्रोशा वर शोभेला राहतो. त्या गुलाबी पर्सलाही आम्ही हेच केलं, अंग नव्याने सुती दोऱ्यात विणलं आणि जुनी लोकर तिच्या भाचीच्या टोपीला गेली.

पट्टा पर्सला थेट वरच्या कडेला टाचू नका. एकाच टाक्यावर ताण आला की तो फाकतो आणि भोक वाढत जातं. बाजूच्या खुणेवर, वरून खाली चार-पाच ओळींवर बसेल असा छोटा पट्टीचा तुकडा डी-रिंगमधून ओवून दुमडा आणि चौकोनी शिवण घालून, मधे फुली मारून घट्ट शिवा. शाळेच्या दप्तराच्या पट्ट्यावर ही चौकोन-फुली पाहिली असेल. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना फिरते हूक लावलेत तर पर्स धुताना पट्टा काढता येतो.

अस्तर, बटण आणि धुणं

कितीही घट्ट विणलं तरी पेनाचं टोक आणि किल्ली वाट काढतेच, म्हणून अस्तर हवं. पॉपलिन, रुबिया किंवा जुन्या सुती ओढणीचं कापड घ्या. धुऊन घ्या. पर्सच्या आतल्या मापापेक्षा चोहीकडे दीड सेंटिमीटर जास्त धरून पिशवी शिवा. नमुन्याचा तुकडा अस्तराच्या एका बाजूला तीन कडांनी शिवला की खिसा तयार होतो. हल्लीचे मोबाईल १६–१७ सेंटिमीटर लांब असतात, खिशात उभे ठेवल्यावर वरचा थोडा भाग बाहेर राहतो आणि काढायला सोपं जातं.

अस्तर बसवण्याआधी बटण लावा. झाकण मिटून भोकातून पिन टोचा, जिथे टोचेल तिथे खूण. पर्समध्ये सामान भरून मग ही खूण करा, कारण भरलेली पर्स फुगते आणि रिकाम्या पर्सवर केलेली खूण दोन सेंटिमीटर खाली पडते. मोठं बटण पुढून आणि शर्टाचं छोटं बटण आतून ठेवून दोन्हीतून एकत्र दोरा ओवा. ओढ विणीवर न येता आतल्या बटणावर येते. नंतर अस्तर आत सोडून त्याची कड वरून दुसऱ्या फेरीखाली टीप न दिसेल अशी हाताने शिवा.

धुताना पट्टा काढा, थंड पाणी आणि थोडा सौम्य साबण. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग सावलीत दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर आडवी पसरवा आणि आत एक वाळका टॉवेल भरून आकार द्या. ओली सुती पर्स दोरीवर टांगली तर तिच्याच वजनाने लांबते. पावसाळ्यात पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात. तोवर पंख्याखाली ठेवा, कपाटात प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवू नका, बुरशीचे काळे ठिपके सुतावर एकदा पडले की निघत नाहीत.